प्रफुल्लदादाचे खोटे फोन

फोन अनोळखी नंबरवरून होता, म्हणून आईनं पहिले उचललाच नाई. दुसऱ्यांदा वाजला तं उचलला. तिकडून बाई रडत होती, "प्रफुल्ल गेला वो ताई, माहा प्रफुल्ल गेला..." आवाज मावशीचाच होता. तरी आईनं दरडावून विचारलं, "आपल्या बकरीचं नाव सांग आधी!" मी बाजूलेच होती. तिकडून हुंदक्यात उत्तर आलं, "कलेक्टर... कलेक्टर वो ताई." तवा कुठं आईनं मानलं, का हे मावशीच हाये. मावशीचा मोबाईल बंद पडलता, दवाखान्यातल्या कोण्या नर्सचा मागून लावलता तिनं.

हा बकरीचा प्रश्न प्रफुल्लदादानंच सगळ्या नातेवाईकायले पाठ करून देल्ता, फोनवर आवाजही नकली काढता येते, खरं माणूस ओळखता यावं म्हणून. तो माहा मावसभाऊ, आमच्याच आंजी मोठी गावचा. आमच्याच भागातल्या एका एजंटनं त्याले बँकॉकले कम्प्युटरची नोकरी म्हणून पाठवलं, आन तिथून गाडीत कोंबून सीमेपल्याडच्या एका बिल्डिंगीत नेऊन टाकलं. पासपोर्ट हिसकला. काम काय, तं आपल्याच देशातल्या लोकायले फोन लावाचे, 'पोलिस बोलतो, तुमच्या पार्सलमधे ड्रग्स निघाले' म्हणून भेव दाखवाचं. नाई म्हटलं तं करंट देत. सरकारनं पोट्टे सोडवले त्यात तो सुटला, पण घरी आल्यावर गाव त्याच्याकडं असं पाहे का जसा हाच त्या टोळीचा मुखिया! तो किराण्यात गेला का दुकानदार क्यूआर कोडवर हात ठेवे, खरं सांगते.

मंग यानं काय करावं? यानं गावातल्या लोकायले स्वतःच खोटे फोन लावणं सुरू केलं! माह्याच मोबाईलवरून. आवाज असा बदले का मी समोर बसून घाबरू. "मैं इन्स्पेक्टर बोल रहा हूँ, माताजी, लाइन मत काटना." समोरची बाई रडकुंडीले आली का हासे, "काकू, मी प्रफुल्ल! फोन काऊन नाई ठेवला वो? ठेवाचा आन घरच्याले लावाचा!"

दादा म्हणे, शिकवून समजत नाई, घाबरूनच समजते. पण शेजारच्या सुलोचनाकाकूचा बीपी वाढला आन तिनं ठाण्यात तक्रार टाकली, वरून म्हणे, "चोर तो चोरच, सवय जाते का?"

दादा त्यानं पार खचला. परदेशातल्या टोळीच्या केसमधे तो पीडित का आरोपी, हेच अजून ठरलं नवतं, त्यात ही तक्रार. मले म्हणे, "मले बाकी काई नाई पाह्यजे. फक्त पीडित म्हणून लिहू दे. मंग मी त्या एजंटचं नाव कोर्टात घेतो, पाहजो तू." ते व्हायच्या आतच डेंग्यूनं नेलं... गावात कुजबुज अशी, का डेंग्यूच होता का खरंच? मलेही रातदिवस तेच वाटे. कारण मातीले तो एजंट आलता. पांढरा शर्ट, हात जोडून, सगळ्यात मांगं. रडाले आलता, का खात्री कराले?

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत मीटिंग झाली. देशाबाहेरच्या टोळ्यायच्या विरोधात सरकारचं राष्ट्रीय धोरण का काय, ते समजावाले एक साहेब आलते. फसवून नेलेले पोरं हे पीडित, असं छान बोलले. मी मनात म्हटलं, बोलाले काय जाते! मंग त्यायनं विचारलं, "पोलिस आहे म्हणून कोणी फोनवर धमकावलं, तर काय करायचं?"

मागून सुलोचनाकाकू उठली. "ठेवाचा आन घरच्याले लावाचा. परवा मले आलता खराखुरा, मी ठेवला."

"शाब्बास! कोणी शिकवलं, आजी?"

काकू म्हणाली, "ज्याच्यावर मी तक्रार केलती, त्यानंच. मले ते तक्रार मांगं घ्याची हाये, साहेब. कुठं अंगठा लावू?"

साहेबानं सरपंचाले हळूच विचारलं, सरपंचानं कानात सांगितलं. मंग साहेब म्हणाले, "पण आजी, तो मुलगा तर आता राहिला नाही ना..."

"त्याची माय हाये ना," काकू म्हणाली. "तिले लोकं अजून चोराची माय म्हणतात."