ज्वारी गुरुवारी भिजली

आमच्या घरात दोन खेळाडू होते. एक हे. ह्यांना रोज सकाळी बदाम उगाळून घातलेलं दूध मिळायचं. दुसरी मी. ते दूध तापवायचं काम माझ्याकडे होतं.

हे कचेरीत कारकून आणि कचेरीच्या व्हॉलीबॉल संघात. मी जळगावात मुलींच्या शाळेत शिक्षिका आणि आम्हा शिक्षिकांच्या खो-खो संघात. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत काही पोचलेलं नव्हतं. ह्यांचा खेळ म्हणजे घराण्याची अब्रू आणि माझा खेळ म्हणजे थेरं. ह्यांनी गुडघा फोडून आणला की हळद गरम व्हायची. मी कोपर खरचटून आले की प्रश्न एकच, "आता भाकरी कोण थापणार?"

पहाटे उठून पाणी, भाकऱ्या, दोन वर्षांच्या मुलीचं न्हाणं-खाणं, अकरा ते पाच शाळा, आणि मग अर्धा तास मैदान. तेवढा एक अर्धा तास माझा, आणि त्यावर अख्ख्या आळीचा डोळा! संघात आम्ही बरोबर नऊ जणी होतो. दहावी लग्न होऊन दोंडाईच्याला गेली होती. खो-खोला नऊच लागतात. आठ जणींना कोणी मैदानात उतरू देत नाही.

त्या वर्षी चैत्रातल्या एका रविवारी धुळ्याला सामने ठरले, पूर्व खानदेश विरुद्ध पश्चिम खानदेश. पुरुषांचे तर होतेच, पहिल्यांदाच बायकांचेही होते. मी ह्यांना सांगितलं.

"जा की. मी कुठं नाही म्हणतो?"

मला इतकं बरं वाटलं की ह्यांच्या भाकरीवर मी लोण्याचा गोळा जास्तीचा ठेवला. मूर्ख कुठली!

गुरुवारी शाळेतून आले तर पडवीत मोठ्या पातेल्यात दहा शेर ज्वारी भिजत घातलेली. मी दारातच थबकले. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. त्यांची ज्वारी तीन दिवस भिजवायची, मग दळायची आणि पहाटे तिचा घाटा शिजवून गरम असतानाच ओल्या धोतरावर हातानं थापायचा. एक दिवस आधी काढली तर बिबडा वाळताना तडकतो. एक दिवस उशीर केला तर ज्वारी वास मारते. गुरुवारी भिजली म्हणजे रविवारी बिबडे, त्यात ब्रह्मदेवही बदल करू शकत नाही. थापायला आळीतल्या बायका येतात, पण घाटा ढवळायचा तो घरच्या सुनेनं.

"अक्का, पुढच्या आठवड्यात नसते का चालले?" मी सासूबाईंना म्हटलं.

"आते भिजी गई ना," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्रात डोकं घालून म्हणाले, "तुम्हा बायकांच्या भानगडीत मी कशाला पडू?"

शुक्रवारी मी मैदानावर आठही जणींना शब्द दिला. धुळ्याची मोटार सातची होती. तोवर घाटा चुलीवरून उतरवून मी पळत येणार होते. माझ्या पायांवर माझा भरवसा होता हो, चुलीवर नव्हता.

रविवारी पहाटे आधी ह्यांच्या सामन्याच्या दशम्या करायच्या होत्या. त्या केल्या. मग घाट्याचं आधण ठेवलं. दहा शेरांचा घाटा ढवळताना खांदे निखळायची पाळी येते. साडेसहाला हे दशम्यांची पिशवी काखेला मारून शीळ घालत निघाले.

"जमलं तर ये हं," जाता जाता म्हणाले.

सात वाजले तेव्हा घाटा कच्चाच होता. हात थांबवला असता तर खाली लागला असता, आणि बायका दारात येऊन बसल्या होत्या. मी ढवळत राहिले. मोटार गेली.

ऊन चढेपर्यंत मी दात-ओठ खात थापत होते. मग माझा तोल गेला. सगळ्या बायकांसमोर मी सासूबाईंवर ओरडले, "मुद्दाम केलंत तुम्ही! माझा सामना म्हणून मुद्दाम भिजवलीत ज्वारी. कुठल्या जन्माचा सूड उगवलात?"

बायकांचे हात थांबले. सासूबाईंचे तळवे घाट्यानं पोळून लाल झाले होते. त्यांनी मान वर केली.

"माले काय इचारस? तुना नवराले इचार. ऐतवारे बिबडा कर, अशे त्यानीच सांगं. तुना सामना कव्हय शे, माले काय ठाऊक?"

खरंच होतं ते. सामन्याचा वार घरात मी फक्त ह्यांनाच सांगितला होता.

संध्याकाळी हे सामना हरून आले आणि गुडघ्यावर शेकायला गरम पाणी मागू लागले. मी विचारलं, "का केलंत?"

"कचेरीतले सगळे होते तिथं. माझी बायको काष्टा मारून धावताना त्यांनी बघायची?"

"तुम्ही अर्ध्या चड्डीत उड्या मारता ते सगळं गाव बघतं. मी कधी ज्वारी भिजवली?"

ह्यांना हसू आलं. "अगं, पुढच्या वर्षी जा," म्हणाले. मी पाणी दिलं नाही. त्या माणसाचा गुडघा कायमचा आखडावा, असं मी मनापासून म्हटलं, आणि ते आजही मागे घेत नाही.

आठ जणी धुळ्याला काष्टे मारून मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. मागच्या मोटारीनं मी येईन म्हणून त्यांनी पंचांना दोनदा थांबवलं. मग समोरचा संघ न खेळताच जिंकला. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याच आठवड्यात आमचं मैदान बंद केलं. "जमत नाही तर हसं कशाला करून घेता?" म्हणाल्या. संघ पुन्हा उभा राहिला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत आठही जणी माझ्याभोवती जमल्या. काय झालं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, सासूबाईंनी ज्वारी भिजवली. भिजवायला कोणी लावली, ते सांगायची मला लाज वाटली. माझा नवरा असा आहे, हे माझ्या तोंडून निघेना. त्या म्हातारीच्या नावानं आठ जणींनी बोटं मोडली, आणि मी मोडू दिली.