नाडीवर बसवलेली काच

वहिनींसमोर कोणी "फेकून द्या" म्हटलं की त्यांच्या बाह्या आपोआप वर जायच्या. परदेशात, आमच्या हौगांगच्या इमारतीखाली लोक चांगले पंखे, टेबलं, खुर्च्या खुशाल टाकून जायचे. वहिनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारून विचारायच्या, "काय धाड भरलीये याला?" मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात संशोधन करत होते आणि त्यांच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. त्यामुळे असा एखादा पंखा वर न्यायला दुसरं टोक धरायची पाळी कायम माझ्यावर.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. कंपनीची बस त्यांना पहाटे घेऊन जायची आणि अंधार पडता पडता आणून सोडायची. बोलणं बेताचं, शौक एकच: एक विलायती, हिरवी, छोटी मोटार, वयाने माझ्याहून मोठी. रविवारी ती बाहेर निघायची आणि आम्हाला मरीन परेडला समुद्राची हवा दाखवून आणायची. खिडक्यांची रबरं पार गेलेली. पाऊस आला की मागच्या काचेतून पाणी थेट सीटवर. वहिनी मांडीवर टॉवेल घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "ही गाडी नाही, न्हाणीघर आहे!" पण दुसरी गाडी घ्या असं म्हणाल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

मग कंपनीने दादांची जागाच रद्द केली. जागा गेली की तिथे राहायचा पास गेला, आणि पास गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. गाडी पुण्याला नेणं शक्य नव्हतं. गॅरेजवाल्याने काचांकडे बघून तिथल्या ढंगात "स्क्रॅप, लाह" एवढंच म्हटलं. गिऱ्हाईक होतं एकच, निवृत्त शिक्षक मिस्टर लिम. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "पाणी येत नसेल तर घेतो. पाणी म्हणजे गंज." दादा म्हणाले, "जाऊ दे भंगारात," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ते दोन दिवस तसेच.

वहिनींनी मला लिफ्टपाशी गाठलं. "अगं, नोकरी त्यांनी काढून घेतली, ठीक आहे. पण गाडी भंगारात गेली ना, तर हे स्वतःलाही भंगारच समजतील. असा नवरा घेऊन मी पुण्याला जायची नाही." मग लगेच म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस ना?" हा प्रश्न नव्हता, हे मला ठाऊक होतं.

रबरं इंग्लंडहून कुरिअरने आली. वहिनींनी प्रत्येक काचेसाठी दोन-दोन मागवली होती. "कुकरची रिंगसुद्धा मी एक कधी घेत नाही," म्हणाल्या. कारपार्कमध्ये आम्ही जुनं रबर ओढलं तर त्याचा बिस्किटासारखा चुरा हातात आला. खाली गंज. वहिनींनी तो पॉलिशपेपरने घासला, रंग लावला. एक चिनी अंकल येऊन दटावू लागले, "आँटी, हिअर रिपेअर कॅनॉट, लाह!" वहिनी म्हणाल्या, "नो रिपेअर, अंकल. ओन्ली क्लीनिंग," आणि त्यांच्या हातात चकली ठेवली. ते ती खात खात आमचं क्लीनिंग बघत उभे राहिले.

काच बसवायची रीत अशी की रबर काचेभोवती चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी भरायची, काच चौकटीला टेकवायची आणि आतून दोरी ओढत जायची. दोरी बाहेर येते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. नायलॉनची दोरी बोटं कापत होती. वहिनी वर गेल्या आणि परकराची नवी कोरी नाडी घेऊन आल्या. "जन्मभर नाडी आत ओवली, आता बाहेर ओढायची. त्यात काय मोठंसं!"

इथपर्यंत झकास. पण रबर सरकेना, तेव्हा बाईंनी खोबरेल तेलाची बाटली काढली. मी ओरडले, "वहिनी, रबराबरोबरच्या कागदावर साबणाचं पाणी सांगितलंय!" तर म्हणतात, "तेलाशिवाय काही सरकतं का कुठे?" काच बसली खरी, गाडीला दिवाळीच्या पहाटेचा वासही सुटला. तीन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओतलं तर कोपऱ्यातून धार. तेल पिऊन रबर फुगलं होतं, वेडंवाकडं झालं होतं. मी संतापून इतकी ओरडले की विचारू नका. वहिनी जमिनीवरच बसल्या. मग उठल्या. "तेल चुकलं. नाडी बरोबर होती. दुसरं रबर काढ."

साबणाचं पाणी करत होतो, तेवढ्यात मागून चपला वाजल्या. दादा! दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खाली-वर. "इतका आरडाओरडा वरपर्यंत ऐकू येतो," म्हणाले. वहिनींनी मान वर केली नाही. "मग वर कशाला उभे राहिलात? बाहेरून दाबा." दादांनी तळवे काचेवर ठेवले. वहिनी आत बसून नाडी ओढू लागल्या. "हळू गं. कोपऱ्यात घाई नको," दादा म्हणाले. कितीतरी दिवसांत त्यांचं एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. रबराचा ओठ इंच इंच पत्र्यावर चढत गेला, आणि शेवटी ओली नाडी वहिनींच्या मांडीत येऊन पडली. उरलेल्या काचा त्या दोघांनीच बसवल्या. मी नुसती साबण कालवत होते.

मिस्टर लिमनी पाइप लावून मनसोक्त पाणी मारलं. मग आत शिरून कोपऱ्याकोपऱ्यात टिश्यू फिरवला. टिश्यू कोरडा! "व्हेरी गुड! विच गॅरेज?" त्यांनी विचारलं. दादा ताठ झाले. "नो गॅरेज. माय मिसेस."

व्यवहार झाला. लिम भला माणूस. म्हणाला, दोघं बसा, शेवटची एक फेरी मारून आणतो. दादांनी पुढचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि वळून म्हणाले, "चल ना."

"नको," वहिनी म्हणाल्या. "आता बसले तर मी उतरायची नाही. तुम्ही जाऊन या."

दादांनी पाय बाहेर घेतला, दार बाहेरून अलगद लावलं आणि वहिनींच्या शेजारी येऊन उभे राहिले. गाडी उतारावरून खाली गेली. रडायला लागले ती मी.

"डोळे पूस आधी," वहिनी माझ्यावर खेकसल्या. "अहो, चला. बॅगा भरायच्यात."