पवनीच्या बगीच्यातला ताणा

नागपुरातल्या मोठ्या बागा वर्गातल्या सगळ्यांनी आधीच पटकावल्या होत्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. काम सोपं दिसत होतं: एक बाग निवडा, तीन दिवस तिथं बसा आणि लोक ती कशी वापरतात ते कागदावर उतरवा. काहीच उरलं नाही तेव्हा मी म्हणाले, "सर, पवनी." सुमनमावशीच्या घरासमोर एक छोटा बगीचा आहे, एवढीच माझी माहिती.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिथं बघण्यासारखं काय असणार?"

मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसले. उमरेड, मग भिवापूर. भिवापूरला रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरच्यांनी सगळी बस शिंकली. तुम्ही या रस्त्यानं गेलात तर खिडकीशी रुमाल घेऊन बसा. पवनीला उतरल्यावर आधी आलुबोंडा आणि तर्री खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मगच बगीचा पाहिला. मधे एक कडुनिंब, कोरडं कारंजं, एक नळ आणि चार पायवाटा. सगळं मिळून मावशीच्या अंगणाच्या पाच-सहा पट. मनात म्हटलं, संपला आपला अभ्यास.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला जाऊन बसले. काठी टेकत एक निवृत्त गुरुजी फेऱ्या मारत होते, त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेला. साताच्या सुमारास पाच-सहा बायका खांद्यावर सुताचे गुंडाळे घेऊन आल्या. त्यांनी खुंट्या रोवल्या आणि नळाजवळच्या पायवाटेवर लांबलचक ताणा, म्हणजे मागावर चढायचं उभं सूत, ताणून बांधला. त्याला तांदळाची खळ लावत त्या दोन्ही बाजूंनी मोठे ब्रश फिरवू लागल्या. अख्खी पायवाट निळी झाली!

त्यांतली सगळ्यात मोठी, गिरजाकाकू, माझ्यापाशी थांबली. "काहून वं पोरी, काय लिहून राहिली?"

"कोण कधी येतं ते."

"मंग आमचं नाव लवकर लिहून घे. परवापासून आमी नाई दिसणार."

फाटकावर पाटी लागली होती. परवापासून बगीच्यात ताणा लावायला मनाई. बगीच्याच्या समितीचे अध्यक्ष तेच गुरुजी. महिन्यापूर्वी सांडलेल्या खळीवरून घसरून त्यांचा हात मोडला होता.

"गल्लीत टाकला त सायकली वरून जातेत," काकू म्हणाली. "ताणा तुटला का आठवड्याचं काम गेलं. उद्या संध्याकाळी सभा हाय. आमाले बोलता नाई येत सभेत."

त्यानंतर मी जागची हलले नाही. दहाला आसगावकडची शेतकरी मंडळी आली. कचेरी उघडेपर्यंत चपला उशाला घेऊन कडुनिंबाखाली आडवी झाली. दुपारी बसची वाट पाहणाऱ्या बायका कारंज्याच्या मागच्या बाजूला बसत, कारण रस्त्यावरून ती जागा दिसत नाही आणि लेकराला निवांत पाजता येतं. चारनंतर पोरांचा गलका. बाकांवर जवळजवळ कोणी बसत नव्हतं, कारण ते भर उन्हात होते.

रात्रीचं जेवण म्हणजे मावशीच्या हातची पाटवडी, झणझणीत रस्सा आणि भात. जेवता जेवता मला सुचलं: प्रत्येक गटाचा वेगळा ट्रेसिंग पेपर, प्रत्येकाचा वेगळा रंग, कोपऱ्यात त्यांची वेळ. पुढचा दिवसभर बगीच्यात बसून पुन्हा तपासलं. लोक त्याच वेळी, त्याच जागी येत होते.

सभेला लोक कडुनिंबाभोवती जमले. मी उभी राहिले. गुरुजी कोरडेपणानं म्हणाले, "बोला बेटा, थोडक्यात."

मी बगीच्याचा नकाशा जमिनीवर पसरला. एकेक पारदर्शक कागद नकाशावर ठेवत गेले. गुरुजींच्या फेऱ्या, शेतकरी, आया, पोरं. एकाचा रंग दुसऱ्याच्या रंगावर कुठंच चढला नाही. शेवटी विणकर बायकांचा लाल कागद ठेवला. नळाजवळ, फक्त एका ठिकाणी, लाल आणि गुरुजींचा निळा रंग एकमेकांवर आले.

गुरुजी वाकले. डाव्या हाताचं बोट त्या ठिपक्यावर टेकवलं.

"मी इथंच पडलो होतो."

मागून गिरजाकाकूचा आवाज आला. "मंग नळाजवळ नाई लावत जी. तिकडं भिंतीच्या बाजूनं लावतो. साडेसातले येतो, तुमचं फिरणं झाल्यावर. जाताना वाट धुऊन देतो. पन त्याच्यापुढं उशीर नाई जमत, ऊन चढलं का खळ तडकते."

सभेत बोलता येत नाही म्हणणारी बाई सगळ्या सभेला ऐकू जाईल असं बोलली होती. गुरुजी सरळ झाले. "एवढं साधं होतं तर मीच विचारायला हवं होतं. माळीबुवा, पाटी काढा." बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की कडुनिंबावरचे पोपट उडाले.

मी एक मुक्काम वाढवला. सकाळी भिंतीलगत हिरवा ताणा झळकत होता. शेवटची फेरी संपवून गुरुजी तिथं गेले. "हे लुगडं कोणाचं?"

"अजून कोनाचंच नाई जी," काकू हसली. "तुमच्या घरच्यासाठी ठेवू का?" गुरुजीसुद्धा हसले.

नागपूरला कागद भिंतीवर लागले. सरांनी एकेक उलटून पाहिला. "छान. पण यात तुमचं डिझाइन कुठं आहे?"

"सर, ते तिथल्या लोकांनी आधीच केलंय. मी फक्त नळाजवळची चूक दाखवली."

वर्गात पहिला नंबर माझा आला. पण घरी आल्यावर मनात राहिली ती नळाजवळची जागा, आणि तिच्यावर टेकलेलं गुरुजींचं बोट. पुढं मी शाळा बांधल्या, दवाखाने बांधले. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी प्रत्येक जागी तीन दिवस जाऊन बसले. लोक विचारतात, नुसतं बसून काय करता? मी सांगते, काम सुरू झालंय.