सकाळचा हात

"नखं कुरतडतेस. परीक्षा आहे, की आईची भीती?"

मथुराबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी फक्त दार उघडलं होतं. नाव विचारणं नाही, बाबा घरात आहेत का विचारणं नाही. दारात एक उंच, सावळी, पांढऱ्या पातळातली बाई उभी, खांद्याला कापडी पिशवी, आणि नजर माझ्या बोटांवर. मी हात पाठीमागे नेले. "लपवलेस ना, म्हणजे आईची भीती," असं म्हणून त्या चपला काढून सरळ आत गेल्या. मला असा राग आला म्हणता! नंतर वर्षभरात मी त्यांच्यामागे शेपटासारखी फिरायला लागले, ती गोष्ट वेगळी.

आम्ही तेव्हा कलकत्त्याला गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत राहायचो. स्वातंत्र्य नवंनवं होतं. बाबा, म्हणजे वसाहतीचे नाना, रेल्वेच्या कचेरीत हिशेब खात्यात. नागपूर-वर्ध्याकडची बरीच घरं त्या भागात होती, आणि मथुराबाई एका दवाखान्यात सिस्टर होत्या. सगळी मुलं त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. बाईंची एक खोड होती. समोरच्याच्या तोंडाकडे त्या मागाहून बघायच्या, आधी हात. भाजीवाल्याचे, शाळेतल्या मास्तरांचे, लग्नात अक्षता टाकणाऱ्यांचेसुद्धा. आई एकदा म्हणाली, "अहो बाई, जरा माणसाशी दोन शब्द बोला तरी आधी." तर म्हणाल्या, "तोंड काय, सगळ्यांनाच सांभाळता येतं. हाताला नाटक जमत नाही."

बाईंचा वर्ग सुरू झाला तो पेठ्यांच्या अरुणमुळे. आपला दसरा, तोच बंगाल्यांचा विजयेचा दिवस. देवीचं विसर्जन झालं की घरोघर जाऊन मोठ्यांच्या पाया पडायचं आणि संदेश, ती बंगाली मिठाई, खायची. आम्ही मराठी मुलं दोन्हीकडून फायदा उपटायचो, तिकडे संदेश आणि इकडे सोनं वाटण्याचा मान. त्या वर्षी अरुणला एका घरी कुणीतरी सिद्धीचा पेला दिला. सिद्धी म्हणजे आपली भांग, दुधात घोटलेली. सणाचा प्रसाद म्हणून अरुणनं गोड लागली तशी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत सगळे जमलेले, आणि हा आपट्याची पानं हातात घेऊन आधी हसतोय हसतोय, आणि मग एकदम भोकाड. "माझे पाय सियालदह स्टेशनाला गेले हो! मी इथंच राहिलो! आता त्यांना आणायला कोण जाणार?"

त्याचे वडील हात उगारून धावले. बाई मध्ये उभ्या राहिल्या. "पाय येतील परत, रात्रीपर्यंत. तोवर मारू नका, त्याला लागलेलं कळायचं नाही आणि तुमचा मार फुकट जाईल." रात्रभर त्या अरुणजवळ बसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्या मोठ्या मुलामुलींना मंडळात बोलावलं आणि अरुणला पुढं बसवून म्हणाल्या, "हे आपले पहिले मास्तर. विचारा त्यांना, काय काय झालं." अरुण लाजेनं मरायला टेकला होता. पण मास्तर म्हटल्यावर स्वारी खुलली. जीभ कशी कोरडी पडली, पाच मिनिटं दिवसाएवढी कशी वाटली, भीती कुठून सुरू झाली, सगळं सांगितलं त्यानं. आणि बाई प्रत्येक गोष्टीचं कारण समजावत गेल्या. असा चालू झाला आमचा रविवारचा वर्ग.

दुसऱ्याच रविवारी बाईंनी पिशवीतून अंडं काढलं. मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीखाली, अंडं! ते काचेच्या पेल्यात फोडून बलक बाजूला काढला, नुसत्या पांढऱ्यावर दवाखान्यातलं स्पिरिट ओतलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते पाण्यासारखं पारदर्शक पांढरं दह्यासारखं थिजलं. "दारूत हेच असतं, पाणी घातलेलं. पोटात गेल्यागेल्या तुमचं असं दही होणार नाही, घाबरू नका. पण हे काही सरबत नव्हे, एवढं लक्षात ठेवा." घरोघर बातमी गेली. आणि काय सांगू, दारूपेक्षा अंड्यानंच जास्त खळबळ उडाली. दोन दिवस सगळ्या आया एकच विचारत होत्या, खोली गोमूत्रानं शिंपडली का!

दारूची ओरड मागून झाली. मुंबईकडे तेव्हा दारूबंदी आली होती. कलकत्त्यात दुकानं राजरोस उघडी. अफूसुद्धा परवान्याच्या दुकानात मिळायची. पण आपल्या मुलांसमोर त्याचं नाव काढायचं नाही, अशी आमच्या लोकांची रीत. बाईंनी तर कहरच केला. म्हणाल्या, "पहिल्या पेल्याला मजा येते." मंडळाचे चिटणीस ताडकन उठले. "बाई, काय शिकवताय तुम्ही पोरांना?" बाई म्हणाल्या, "खरं शिकवतेय. मजा येत नाही म्हणून सांगितलं आणि उद्या ह्यांनी चाखून बघितली, तर मी खोटी ठरेन. मग पुढचं खरंही हे ऐकणार नाहीत." आणि पुढचं म्हणजे लिव्हर, झोप, विसरभोळेपणा, घरातलं रडगाणं, सगळं त्यांनी तितक्याच सरळपणे सांगितलं. आवाज चढवणं नाही, नरकाची भीती नाही. "मी कीर्तनकार नाही," म्हणायच्या. "दारू काय करते ते मी सांगणार. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मुलींना तरी कशाला बसवता, असंही काहीजणी म्हणाल्या. त्यावर बाईंचा आवाज जरा बदलला. "माझ्या वॉर्डात पुरुष दारूनं येतो आणि त्याची बायको त्याच्या हातचा मार खाऊन येते. आधी कुणाला कळायला हवं, सांगा बरं?" आमची आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण कमल, तेव्हा अठराची होती. ती पहिल्या रांगेत बसायची. त्या दिवशी बाईंनी शिकवलेलं तिनं बरोबर गाठीला बांधलं. बाई म्हणाल्या होत्या, "रोज पिणाऱ्याचा हात सकाळी बघावा. रात्री घेतलेली उतरते आणि हात थरथरतो. मग थोडी घेतली की लगेच स्थिर. म्हणून संध्याकाळचा हात खोटं बोलतो, सकाळचा बोलत नाही." अरुणनं विचारलं, "पण बाई, भीतीनंही हात थरथरतो की." बाई खूश झाल्या. "थरथरतो ना. तापानं, म्हातारपणानं, उपाशीपोटीसुद्धा. म्हणून नुसत्या हातावरून कुणाला दारुडा म्हणायचं नाही. हात बघून प्रश्न विचारायला शिका, निकाल द्यायला नको."

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात आक्काचं लग्न निघालं.

मुलगा डमडमचा, मधुकरराव. साहेबी कंपनीत नोकरी, दिसायला देखणा, आईला एकुलता एक. बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. कलकत्त्यात आपल्यातलं असं स्थळ मिळतंय कुठं! रविवारी सकाळी ती मंडळी आली. मी पडद्याआडून बघत होते, आणि मला दिसत होतं ते तोंड. तोंड फारच छान होतं हो. हसरं, नम्र. मी तर मनातल्या मनात भावोजी म्हणूनही टाकलं.

आक्का मात्र मान खाली घालून उभी. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं वर बघायचं नाही, असं आईनं बजावून ठेवलेलं. त्यामुळे तिला मधुकररावांचं तोंड दिसलंच नाही. दिसला तो हात. तिनं चहाचा कप पुढं केला, त्यांनी बशी धरली, आणि बशी वाजायला लागली. चहा बशीत सांडला. त्यांच्या आई लगबगीनं म्हणाल्या, "थंडी आहे नाही आज!" मधुकरराव कप ठेवून उठले, टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून येतो म्हणाले, आणि बऱ्याच वेळानं परत आले ते वेलदोडा चघळत. आक्कानं दुसरा कप दिला. ह्या खेपेला बशीचा आवाज नाही की काही नाही. हात अगदी दगडासारखा.

मंडळी गेली आणि आक्का म्हणाली, "मला नको." आई म्हणाली, "अगं, तू बघितलंस तरी का त्याला?" आक्का म्हणाली, "हात बघितला. घाबरलेला हात हळूहळू सावरतो, आई. हा खाली जाऊन सावरून आला." मग तिनं सगळं सांगितलं. बाबा असे भडकले की तसेच तरातरा बाईंच्या खोलीवर. आम्ही मायलेकी त्यांच्यामागं.

"पोरींची डोकी फिरवलीत तुम्ही! सोन्यासारखं स्थळ. समजा, घेत असेल थोडीफार. तरुण मुलगा, साहेबांत वावरतो. लग्न झालं की सुटेल!"

बाई स्टोव्हवर भात टाकत होत्या. त्यांनी बाबांना बसायला पाट दिला. "अहो नाना, लग्न हे औषध असतं, तर मी माझे रोगी डॉक्टरांकडे कशाला पाठवले असते? भटजींकडेच नसते का पाठवले?"

मला हसू आलं. आईनं चिमटा काढला. बाईंनी स्टोव्ह बंद केला. "पण तुमचंही बरोबर आहे. मी त्या मुलाला बघितलेलं नाही. रोगी न बघता निदान केलं तर मी सिस्टर कसली? चला, उद्या सकाळी डमडमला जाऊ. तुम्ही बरोबर या, म्हणजे मी काही फिरवून सांगतेय असं वाटायला नको."

पुढचं बाबांनी घरी येऊन सांगितलं, आणि मग जन्मभर सांगत राहिले. दार मधुकररावांनीच उघडलं. बाई म्हणाल्या, "हात दाखवा." त्यांना वाटलं, कुणी भविष्य सांगणारी आहे, त्यांनी हसत हात पुढं केला. सकाळचा हात तो. थरथरत होता. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि वर त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मधुकररावांनी हात ओढून घेतला नाही. नुसतं म्हणाले, "दोन वर्षं झाली. सुटत नाही. आईला वाटतं, लग्न झालं की..."

"मुलगी तुम्हाला मिळायची नाही," बाई म्हणाल्या. "मी मिळेन. चालेल का?"

बाबा सांगायचे, तो एवढा साहेबी पोशाखातला मुलगा दारातच लहान पोरासारखा रडला. बाईंनी त्यांना बजावलं, "एकदम आपल्या मनानं बंद करायची नाही हं. जिवावर बेतेल. डॉक्टर सांगतील तसंच." आणि आठवड्याभरात दवाखान्यात खाट मिळवून दिली. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी आक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मान वर करून बघत जा गं आता." आक्का म्हणाली, "नको बाबा, खालीच बरं दिसतं." तेव्हा कुठं घरात हसणं झालं. माझे डोळे मात्र भरून आले होते, का ते मला तेव्हा कळलं नाही.

मंडळात व्हायचा तो गाजावाजा झालाच. ठरत आलेलं लग्न मोडलं म्हणून वर्ग बंद करा म्हणाले. दोन-तीन रविवार बाई आणि आम्ही चार पोरंच होतो. मग एका संध्याकाळी चिटणिसांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ज्यांनी अंड्याचा सर्वांत मोठा कांगावा केला होता, पदरानं तोंड झाकून बाईंकडे आल्या. काय बोलणं झालं ते बाईंनी कधीच कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी वहिनींनी आपल्या दोन्ही मुलांना हाताला धरून वर्गात आणून बसवलं. वर्ग पुन्हा भरला.

मधुकरराव सुटले, घसरले, पुन्हा दवाखान्यात आले. बाईंनी एकदाही "सांगितलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. म्हणायच्या, "पडला तर पडला. उठायचं कसं ते आता त्याला माहीत आहे." एकदा तर ते आमच्या वर्गात आले आणि अरुणसारखेच पुढं बसले. अरुणनं ऐटीत त्यांना आपली जागा दिली, जुन्या मास्तरांनी नव्या मास्तरांना द्यावी तशी. तोवर आक्काचं लग्न जबलपूरला होऊन गेलं होतं. आमच्या ह्या जबलपूरच्या भावोजींना चहासुद्धा सोसत नाही!

बाई निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे निघाल्या, ती गाडी सकाळची होती. हावड्याला निम्मी वसाहत लोटलेली. आईनं दिलेला लाडवांचा डबा, पेठ्यांची शाल, मुलींची रडारड. मी कॉलेजात होते, तरी रडत होते, लाज कसली. बाई खिडकीत बसून प्रत्येकाला काही ना काही ऐकवत होत्या. मला म्हणाल्या, "सुमे, नखं वाढली गं तुझी. बरं वाटलं."

तेवढ्यात गर्दीतून मधुकरराव आले. पुष्कळ महिन्यांत ते कुणाला दिसले नव्हते, आणि मनातून आम्हा सगळ्यांना धास्ती होती. त्यांच्या हातात स्टेशनवरच्या उपाहारगृहातला कपबशीतला चहा होता, काठोकाठ भरलेला. हमालांचे धक्के खात, ट्रंका चुकवत, एवढा लांब फलाट चालून ते खिडकीपाशी आले आणि कप पुढं केला.

"बाई, चहा."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघायला आलेल्यांसमोर आमची आक्का उभी होती तशी मान खाली घातली आणि कपाकडे बघत राहिल्या. आम्ही सगळेच बघत होतो. बाबासुद्धा. सकाळचे सात वाजले असतील. चहाचा एक थेंब बशीत नव्हता, आणि बशी वाजत नव्हती.

"आणा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बशी आपल्या हातात घेतली.

तोंड त्यांनी सांभाळलं, पण बशी वाजायला लागली. इतकी वाजली, की निम्मा चहा खिडकीतच सांडला.