काचेवर उलटा चढलेला काप

आमची सून कॅन्सरचे तुकडे रंगवते. लग्न ठरताना कुणी विचारलं तर मी "दवाखान्यात आहे" एवढंच सांगायचे. उगाच पाहुण्यांच्या घशात चहा अडकायला नको.

काम तिनंच मला समजावलं. गाठींमधले टाचणीच्या डोक्याएवढे साठ तुकडे, त्यांचा पातळ काप एका काचेवर. दहा-दहाच्या सहा रांगा, रांगेगणिक कॅन्सर वेगळा. दुसरी फुप्फुसाची, पाचवी स्तनाची. वरून औषध घातलं की ज्या पेशीत एक ठरावीक प्रोटीन असेल ती तपकिरी होते. रंग नाही तर शून्य, गडद तर तीन. त्या प्रोटीनला मार्कर म्हणतात. मला वाटलं, जाड शाईचं पेन!

काचेवर चढवताना काप उलटा फिरतो कधीकधी, मग शेवटची रांग पहिली होते. म्हणून डाव्या कोपऱ्यात खुणेला यकृताचा एक जादा तुकडा असतो. मागच्या महिन्यात एका काचेवरचा तो धुताना निघून गेला. हिला वाटलं, काप सरळच असेल. दिवसभर डोळे फोडून साठ आकडे लिहिले आणि मोठ्या डॉक्टरांना देऊन टाकले.

एका शनिवारी दुपारी घरी आली ती खांद्यावरची पिशवीही न काढता खुर्चीत बसली.

"आई, ती काच आज परत बघितली. पाचव्या रांगेत काळे ठिपके आहेत."

"मग?"

"धुराची काजळी आहे ती. फुप्फुसात साठते, स्तनात नाही. काप उलटा होता. मी सगळं उलटं मोजलंय."

डॉक्टर सोमवारी ते आकडे बाहेर पाठवणार होते, स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे प्रोटीन सगळ्यात जास्त आहे असं लिहून. त्यावरून पुढे औषध कुणाला द्यायचं ते ठरणार. आणि हिची नोकरी वर्षावर्षाची. पुढच्या वर्षाचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं.

माझा लेक म्हणाला, "पत्र येऊ दे, मग सांग. तोवर कुणाला कळतंय?"

"आणि तोवर औषध भलत्याच बाईला दिलं तर?"

"लगेच कोण देतंय!"

मी म्हटलं, "तू गप रे. पुस्तक उलटं धरून वाचायचास, तेव्हा मास्तरांना बरोबर कळायचं."

तो बाहेर निघून गेला. हिनं फोन लावला. डॉक्टरांचा आवाज मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू येत होता.

"यकृताचा तुकडा नव्हता, तर मोजलंस कशाला?"

"मला वाटलं, सर..."

"वाटलं?"

 मग म्हणाले, "आकडे थांबवतो. सोमवारपासून तू मोजायला बसू नकोस."

आता ती नुसते काप काढते, रंगवते. मोजायला दुसरी आली. तिच्या मोजणीत फुप्फुसाची रांग गडद निघाली, स्तनाची जवळजवळ कोरी. हे सांगताना सूनबाईचा चेहरा जरा उजळला होता. मी पत्राचं विचारलं आणि तो पुन्हा पडला. मला मेलीला नको तिथेच तोंड उघडायची सवय.

महिना संपला, पत्र आलं नाही. काल तिनं दुसरीकडचा अर्ज भरायला घेतला. "सध्याची जागा का सोडत आहात" इथे हात थांबला.

मी म्हटलं, "खरं काय ते लिही."

"आई, दीड ओळच जागा आहे."