मामाच्या भिंतीवरचं माझं पत्रक

दादाचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात पत्रकांचा गठ्ठा बांधत होते. "मामा गेला," तो म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर बसला, तो उठलाच नाही. मग, हेही सांगायलाच हवं अशा आवाजात दादा म्हणाला, "मशीनचा प्लग काढलेला होता." हे वाक्य मी पुढे स्मशानात ऐकलं, नंतर पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला ऐकलं, मामीच्या शेजारणींकडूनही ऐकलं. बघा, मरतानाही नियम पाळून गेला माणूस. लोक डोळे पुसत सांगत होते आणि मी तिथून उठून जात होते. कारण किसनमामाने नियम एकदा मोडला होता, आणि ते माझ्या भावाच्या डाव्या हाताला भोगावं लागलं. माणूस गेला की त्याच्याविषयी गोडच बोलावं, ही रीत मला मान्य नाही. मामालाही नव्हती.

त्याचा कांजूरमार्गला फोटोफ्रेमचा गाळा. लग्नातले फोटो, नेत्यांचे फोटो, वारलेल्यांचे फोटो. सगळ्यांना चार पट्ट्या लागतात आणि प्रत्येक पट्टीचं टोक बरोब्बर पंचेचाळीस अंशांत कापावं लागतं. त्यासाठी टेबलावर मायटर सॉ बसवलेला. गोल ब्लेडचं विजेवरचं मशीन, दांडा धरून खाली दाबायचं, की पट्टी लोण्यासारखी कापली जाते. गाळ्यात त्याला नुसतं 'कटर' म्हणत. नवा कारागीर आला की पहिल्या दिवशी मामा खाटकाकडून मटणाची नळी आणायचा, ती पट्टीसारखी क्लॅम्पमध्ये आवळायचा आणि सगळ्यांना मागे सारून ब्लेड खाली आणायचा. तो आवाज लाकडापेक्षा फारसा वेगळा नसतो, हेच भयंकर. "ऐकलंस? तुझं बोट याच्याहून मऊ आहे," एवढं बोलून मशीन पुसायचं काम त्याच माणसाला द्यायचा. एक जण बाहेर जाऊन ओकला. मामा म्हणाला, हा टिकेल, याची बोटंही टिकतील. मग नियम. हात ब्लेडपासून वीतभर लांब. लांब बाही नाही, हातमोजे नाहीत. आखूड तुकडा बोटांनी धरायचा नाही, क्लॅम्प लावायचा. कापून झालं की बटण सोडायचं आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत दांडा खालीच धरायचा. थांबलं की वर, आणि त्यानंतरच तुकड्याला हात. मशीन सोडून उठताना प्लग काढायचा. ज्याने घाई केली त्याच्या मनगटावर मामा लाकडी फूटपट्टी हाणायचा. दादा, त्याचा सख्खा भाचा, चोवीस वर्षांचा बाप्या, त्यानेही ती खाल्ली होती.

आणि मग ती चौदा एप्रिलची जयंती. आठवड्यावर आलेली, गाळ्यात पट्ट्यांचा ढीग. ब्लेडवर पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्याला गार्ड म्हणतात. दांडा वर गेला की गार्ड आपोआप ब्लेड झाकतो. पण भुशाने तो पांढरा पडतो आणि पट्टीवरची रेघ दिसेनाशी होते. तो पुसायला दोन मिनिटं लागतात. मामाने ती दोन मिनिटं वाचवली. गार्ड वर उचलला आणि हिरव्या वायरीने बांधून टाकला. पाच दिवस तो तसाच होता. सहाव्या दिवशी मामा मागून दादाला म्हणाला, "आटप रे, किती वेळ ब्लेडचं तोंड बघत बसतोस?" दादाने ब्लेड फिरत असतानाच दांडा वर केला आणि डावा हात तुकड्याकडे नेला... दोन बोटं. मामाने त्याला एका कारागिराबरोबर रिक्षात बसवलं आणि स्वतः परत आत गेला. वायर सोडली, पट्ट्यांवरचं रक्त पुसलं, ऑर्डर पुरी केली. हे मला मामीनेच सांगितलं, मान खाली घालून.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील मानखुर्दच्या वस्तीत घरोघर पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. मला दुसरं काय येत होतं? चौथ्या दिवशी पत्रक तयार होतं : 'बोटं कुणाची, फ्रेम कुणाची?' मामाचं नाव, गाळ्याचा नंबर, सगळं घातलं आणि गाळ्यांच्या आवाराच्या फाटकावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात दिलं. मामीने फोन करून विचारलं, सख्ख्या मामाला खुनी म्हणतेस, लाज नाही वाटत? मी म्हटलं, नाही.

महिन्याभराने गाळ्यावर गेले तर मशीनच्या वरच्या भिंतीवर माझं पत्रक. काचेत, सागवानी पट्टीच्या फ्रेममध्ये, चारही कोपरे असे जुळलेले की नखही शिरू नये. मला वाटलं, खिजवतोय.

"चांगलं लिहितेस," मामा म्हणाला. "चार वेळा खुनी म्हणालीस मला. हात कुठं ठेवायचा ते एकदाही नाही लिहिलंस."

"गार्ड तू बांधलास ना, मामा?"

त्याने पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "धर." मी धरली. त्याने माझी ओढणी काढून खुंटीला लावायला सांगितली, माझा हात उचलून वीतभर मागे ठेवला. मी कापलं, आणि ब्लेड थांबायच्या आत दांडा वर उचलला. फूटपट्टी मनगटावर बसली. वळ दोन दिवस होता. त्या वेळी गार्ड जागेवर होता, लख्ख पुसलेला. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं नाही, पुढेही नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट त्यानंतरची. दादा कामावर परतला आणि गाळ्यात मटणाची नळी येणं बंद झालं. आता गरज नव्हती. नवा माणूस आला की मामा म्हणायचा, राहुल, हात दाखव याला. आणि माझा भाऊ डावा हात मशीनवर ठेवायचा, अंगठा आणि दोन बोटं. मी हे पाहिलं तेव्हा मामावर ओरडले, की गार्ड कुणी बांधला तेही सांगतोस का त्यांना? मामा पट्टी मापत राहिला. दादाच मला म्हणाला, जाऊ दे गं. मी नाही जाऊ दिलं. दर भेटीत विचारलं. शेवटच्या भेटीतही, आणि त्याने दर वेळी तसंच काहीतरी मापायला घेतलं.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मामाच्या फोटोला फ्रेम हवी होती. मामी म्हणाली, तयार आणा. दादा म्हणाला, कटर असताना? त्याला तीच सागवानी पट्टी हवी होती, म्हणून रुंदी बघायला त्याने माझं पत्रक भिंतीवरून उतरवलं आणि पालथं केलं. मागे, खिळ्याला अडकवायला, दोरी नव्हती. हिरवी वायर होती. गार्डभोवती पडलेले पीळ तसेच.

"तुला माहीत होतं?"

"कामावर परतलो तेव्हा दोरी काढून मीच लावली. त्यानं आणून दिली. म्हणाला, ही आता मशीनवर नको, हिला इथं लाव."

"एवढंच?"

"एवढंच."

याला मी माफी म्हणत नाही. ज्याला 'मी बांधला' हे दोन शब्द भाच्यासमोर उच्चारता आले नाहीत, त्याने ते भिंतीकडे तोंड करून टांगले आणि उरलेला जन्म त्यांच्याखाली उभा राहून नियम शिकवले. लोकांना यात थोरपणा दिसेल. मला तीन बोटांचा हात दिसतो.

गाळा आता दादा चालवतो. परवा नवा कारागीर आला तेव्हा मी तिथेच होते. दादाने प्लग काढला, डावा हात मशीनवर ठेवला. नंतर पत्रक खाली घेतलं, उलटं केलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"हा हात माझा," तो म्हणाला. "ही वायर मामाची. आता गार्ड पूस."