नेव्हचा आर्म आणि माझं खंडेनवमीचं बोट

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर आर्म पुन्हा अडकला. सुई पुढे सरकेना आणि रेकॉर्डवरची बाई एकच अर्धी ओळ घोळवत बसली. मी आर्म उचलला आणि अस्सल चिंचवडी शिवी हासडली. इथे परदेशात, हेन्डरसनमध्ये, नोकरी करण्याची ही एक मोठी सोय आहे. शिवी मोठ्याने देता येते.

"पुन्हा तिथेच?" ट्रिशने विचारलं. ट्रिश माझी बॉस. जुनी ऑडिओ उपकरणं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप तिचं, आणि मी तिथली एकुलती एक टेक्निशियन.

"तिथेच."

"पुढच्या रविवारी कॉलिनला तो हवाय."

ते मला माहीत होतं. कॉलिन अवोन्डेलचा, रिटायर्ड बस ड्रायव्हर. हा आर्म त्याच्या धाकट्या भावाने, नेव्हने, घरामागच्या शेडमध्ये लेथवर बनवला होता. नेव्ह गेला त्याला रविवारी वर्ष होणार होतं. त्याच्या बॅन्डमधले उरलेसुरले म्हातारे जमणार होते आणि बॅन्डची एकमेव रेकॉर्ड ऐकणार होते. तिची धड राहिलेली कॉपी एकच, कॉलिनकडची. ती नेव्हच्याच आर्मवर वाजली पाहिजे, एवढीच त्याची अट होती. अडकणाऱ्या आर्मखाली ती रेकॉर्ड ठेवायची माझी छाती नव्हती. टेस्टिंगसाठी मी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून एक टाकाऊ रेकॉर्ड आणली होती.

आता हा आर्म काय प्रकार आहे ते सांगते. नेहमीच्या रेकॉर्ड प्लेअरचा आर्म एका टोकाला खिळलेला असतो आणि दारासारखा फिरतो. नेव्हचा आर्म फिरत नाही, सरळ रेषेत आत सरकतो. त्यासाठी एक गुळगुळीत स्टीलची दांडी असते, ती एका नळीतून सरकते, आणि आर्म त्या दांडीला जोडलेला असतो. नळीला आतून बारीक भोकं असतात. पंप त्यांतून हवा सोडतो आणि दांडी त्या हवेवर तरंगते. याला एअर बेअरिंग म्हणतात. पावडर टाकलेल्या कॅरमवर सोंगटी जशी पळते, तशी ती फुंकरीनेही पळते. मात्र दांडी आणि नळी यांच्यातली फट केसापेक्षा बारीक असते. कॅरमवरची पावडर इथे चालत नाही.

एअर बेअरिंगबद्दल मला कोणी शिकवू नये. चिंचवडच्या कारखान्यात तेवीस वर्षं मी हवेवर तरंगणारी मोजमापाची मशिन्स सांभाळली आहेत. इथे आल्यावर मुलाखतीत मी हे तीनदा सांगितलं होतं. ट्रिशला पहिल्या वेळीच कळलं होतं.

आर्म आला तेव्हा तक्रार वेगळीच होती. पंप हवा सलग देत नव्हता, धापा टाकत देत होता, आणि प्रत्येक धाप स्पीकरमधून ऐकू येत होती. यावर उपाय म्हणजे मध्ये एक टाकी बसवायची. हवा आधी टाकीत जमते आणि मग शांतपणे पुढे जाते. हवाबंद, मजबूत, पाच लिटरची टाकी मला माहीत होती. ती आमच्या ओट्यावर होती. कुकरच्या शिट्टीच्या जागी एक नोझल बसवलं, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी दुसरं.

"अगं, आता खिचडी कशात?" श्रीने, म्हणजे नवऱ्याने, विचारलं.

"पातेल्यात. तुझ्या आजीने कशात केली?"

कुकर बसवला, कडक झालेल्या नळ्या बदलल्या, लेव्हल केली. गुरुवारी आर्म लोण्यासारखा शेवटपर्यंत गेला. शनिवारी तो तिसऱ्या गाण्यावर अडकला.

मग मी सगळं उलटंपालटं केलं. लेव्हल पुन्हा तपासली, पंप बदलून पाहिला, सुईकडून येणारी वायर ओढ देत असेल म्हणून केसाएवढी बारीक वायर लावली. अडकायचा तो तिथेच अडकला. बुधवारी माझा अहंकार थकला आणि मी कॉलिनला ईमेल लिहिली. 'दांडी मुळातच किंचित वाकडी असावी. घरगुती लेथवर असं होतं. साधा आर्म बसवावा.'

तासाभरात उत्तर आलं. 'नेव्हला गिटार धड वाजवता येत नव्हती. पण दांडी तो सरळच बनवायचा. तरी तुला जास्त कळतं. साधा बसव, त्याचा खोक्यात ठेव.'

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून मी त्याच्यावर ढकलून मोकळी झाले होते. निदान पुरावा तरी द्यावा म्हणून दांडी बाहेर काढली आणि वाकडेपणा मोजायला बसले. गेजचा काटा हलेना. दांडी सुतासारखी सरळ होती. फक्त एकाच जागी काटा किंचित उचलला. तिथे अल्कोहोलचा बोळा फिरवला.

बोळा गुलाबी झाला.

मागच्या शुक्रवारी, आर्म लोण्यासारखा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, खंडेनवमी होती. या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा करतात. मी सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर मांडले, हळदकुंकू वाहिलं. ट्रिशने "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', म्हणत पेढे खाल्ले. नेव्हचा आर्म बेंचवरच होता. पाहुणा असला म्हणून काय झालं, त्यालाही कुंकवाचं ओलं बोट लावलं, तेही सगळ्यात चकचकीत जागी, दांडीवर. संध्याकाळी टिश्यूने पुसलं. पुसलं कसलं, पसरवलं. आर्म तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचला की नेमका तो डाग नळीत शिरत होता.

याच कारणासाठी चिंचवडला मी दर खंडेनवमीला ऑपरेटर लोकांवर खेकसायचे. "कुंकू पत्र्याला लावा, रुळाला नाही!" इथे खेकसायला कोणी नव्हतं.

"कॉलिनला तूच सांग," ट्रिश हसू दाबत म्हणाली. "ईमेलही तूच लिहिली होतीस."

मी दांडी आणि नळी धुऊन काढली, चार वेळा रेकॉर्ड शेवटपर्यंत वाजवली, आणि या शुक्रवारी कॉलिन आला तेव्हा सगळं सांगितलं. कुंकू म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. लाज वाटत होती, आणि ती वाटतेय असंही सांगितलं.

तो आर्मवर वाकला. "म्हणजे दांडी सरळ आहे?"

"एकदम सरळ. मी चूक होते. नेव्ह नाही."

"नेव्ह त्याच्यावर बिअर सांडायचा," तो म्हणाला. "तेव्हाही अडकायचा. रविवारी ये. तुझ्या त्या कुकरची जबाबदारी मी घेणार नाही."

रविवारी अवोन्डेलच्या त्या छोट्या खोलीत सहा म्हातारे, कोपऱ्यात माझा कुकर आणि दाराशी मी. तिसरं गाणं मध्यावर आलं. आर्म त्या जागेवरून सरळ पुढे गेला. पुढच्याच क्षणी नेव्हच्या गिटारचा एक सूर घसरला, तोही अगदी स्वच्छ ऐकू आला.

खोली हसली. कॉलिन हसता हसता डोळे पुसायला लागला. "इथे तो दर वेळी चुकायचा," तो म्हणाला. "आर्म बरोबर आहे."

कुकर अजून तिकडेच आहे. खिचडी पातेल्यात होते आणि खाली लागते. आता मी खंडेनवमीला कुंकू खोक्यांना लावते. आणि एखादं मशीन सारखं एकाच जागी अडकलं, तर ते बनवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी आपलं बोट कुठे कुठे लागलं होतं ते आठवून पाहते.